देणाऱ्याचं नाव नसलेली पिशवी

तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या हातात आज रिपोर्ट पडला असेल आणि डॉक्टरांनी ‘बोन मॅरो’ हे दोन शब्द उच्चारले असतील, तर आधी चहा प्या. मी प्यायलो नव्हतो. मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या आपला फोटो दुकानात कुठल्या भिंतीला लागेल याचा विचार करत होतो. समोरच्या भिंतीला पातेल्यांची चळत आहे, ती हलवायला सुवर्णा तयार होणार नाही, म्हणजे गल्ल्यामागे लावावा लागेल, इथपर्यंत माझी मजल गेली होती. सुवर्णा म्हणजे माझी बायको. ती शेजारीच बसून डॉक्टरीणबाईंना विचारत होती, की यांना भाकरी चालंल का. आज तीन वर्षांनी मी हे लिहितोय आणि भाकरी चालते, एवढं आधीच सांगून टाकतो.

माझं धारूरला भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत डबे, तांबे, पराती खपतात, पण भांडं विकून काम संपत नाही, त्याच्यावर नाव घालून द्यावं लागतं. छोट्या मशीनच्या सुईने मी वीस वर्षं नावं घालतोय. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट. मामाचं नाव राहिलं तर मामा मांडवातून उठून परात घेऊन दुकानात येतो. देवळाला दिलेल्या पंख्याच्या पात्यांवरही आमच्याकडे नाव असतं, आणि पंखा फिरताना ते वाचता येत नाही म्हणून देणारा पाहुण्यांसाठी पंखा बंद करून दाखवतो. मी हसतोय खरा, पण माझं घर त्याच नावांवर चाललंय.

निळे डाग

सुरुवात दंडावरच्या आणि मांड्यांवरच्या निळ्या डागांनी झाली. मी म्हटलं, हंडे-कळशा काढताना लागत असेल. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी म्हटलं, ब्रश कडक आहे. मग दुकानाच्या दोन पायऱ्या चढून धाप लागली. मी म्हटलं, चव्वेचाळीस झाली की आता. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. शेवटी एका सकाळी मी शटर वर करत असताना सुवर्णाने ते अर्ध्यावर धरलं, खाली ओढलं, कुलूप लावलं आणि मला अंबाजोगाईच्या गाडीत बसवलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद दोनदा वाचला आणि पुण्याला जायला सांगितलं.

पुण्यात कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासला. आजाराचं नाव लांबलचक आहे, ते तुम्ही शोधालच. सोप्या भाषेत सांगायचं तर हाडांच्या आतला जो मगज रक्त तयार करतो, त्याने माझ्याकडे काम बंद केलं होतं. दुसऱ्याचं रक्त चढवून किती दिवस चालवणार? कुणाच्या तरी निरोगी मूळ पेशी माझ्या अंगात घातल्या तर तिथे नवा मगज उगवणार होता. पण त्या जुळायला हव्यात. सख्ख्या भावंडाच्या जुळण्याची आशा सगळ्यात जास्त, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला सख्खं भावंड एकच, धाकटी बहीण मीरा, युसूफ वडगावला दिलेली.

मीराच्या सासूने घरात आकांत केला. पाठीच्या कण्यातून काढत्यात, बाई जन्माची वाकंल, वगैरे. मीरा पहिल्या एसटीने निघून पुण्यात हजर झाली, येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन. ती चटणी मला खाता येणार नव्हती आणि तिचा नमुनाही जुळला नाही.

“सख्ख्या भनीचं जुळत न्हाई म्हंजे?” ती डॉक्टरीणबाईंनाच विचारायला लागली. “मला काय जत्रंतून आणलंय का?”

बाईंनी तिला समजावलं, की यात कुणाचा दोष नसतो. तिने ते मानलं नाही. मग सोमवारचे उपास धरले आणि नारायणगडाला चालत जायचं बोलली. मी म्हटलं, तुझ्या उपासाने माझं रक्त वाढणार नाही, तुझं मात्र उतरेल. त्यावर ती रडली आणि मग सुवर्णा माझ्यावर चिडली. दवाखान्यात रागाला दुसरं गिऱ्हाईक नसतं, तो घरच्यांवरच निघतो. एका दुपारी वरण खारट झालं म्हणून मी ताट ढकललं. सुवर्णाने सांडलेलं पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. तुम्ही आजारी असाल तर एवढं करा, वरण खारट झालं तरी खा.

तात्यांचा माइक

दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी मग आम्हाला नोंदणीचं सांगितलं. रक्ताच्या नात्याबाहेरही कुणी तरी जुळू शकतं. त्यासाठी अनोळखी माणसांची यादी ठेवतात. त्यात जायला फार काही लागत नाही, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, तिची तपासणी करून नाव यादीत ठेवतात. पुढे कधी, कुठल्याही रुग्णाला ते जुळलं तर बोलावणं येतं. यादीत माझ्यासाठी शोध सुरू झाला होता, आणि गावाकडे शिबिर घेतलं तर यादी वाढेल, असं बाई म्हणाल्या.

मला भेटायला पुण्याला आलेले तात्या हे ऐकत बसले होते. तात्या आमचे शेजारी आणि तालुक्याचे पुढारी. निवडणुकीत पडले तरी सत्कार घेतात असा माणूस. माझ्यावर त्यांचा जीव. त्यांनी बाईंचं निम्मंच ऐकलं आणि उठले. “अण्णा, तू पडून ऱ्हा. धारूर उभं करतो तुझ्यामागं.”

धारूरच्या बाजाराच्या दिवशी मांडव पडला. पुण्याहून दोन कार्यकर्त्या मुली काड्यांचे खोके घेऊन आल्या. मीराने युसूफ वडगावहून जीप भरून माणसं आणली, त्यात तिची सासूही होती, फक्त बघायला. पहिली अडचण निघाली ती तंबाखूची. रांगेतल्या निम्म्या लोकांच्या गालात तंबाखू. काडी फिरवायला गाल रिकामा हवा. मग पाण्याची टाकी आणली, आणि टेबलापेक्षा टाकीपुढची रांग लांब झाली. दुसरी अडचण स्वतः तात्या. पन्नाशीच्या पुढचे घेत नाहीत, आणि छप्पन्न वर्षांचे तात्या आदल्या दिवशी केस रंगवून आलेले.

“मला कावून न्हाई? मी काय म्हातारा दिसतो का? सांगा की बे कुनीतरी!” ते लोकांकडे वळून ओरडले. कुणीही काही सांगितलं नाही.

मग त्यांनी माइक धरला. आमच्याकडे सप्त्यात देणगी पुकारतात तसं ते एकेक नाव पुकारायला लागले. “आपल्या अण्णासाठी, बालाजी पिकअपवाले यांच्याकडून एक नमुना! टाळ्या!” लोक टाळ्या वाजवायचे. ज्याचं नाव पुकारलं तो छाती काढून मांडवाबाहेर जायचा. टेबलावर त्या मुली प्रत्येकाला सांगत होत्या, की हे एका माणसासाठी नाही, कुणालाही जुळलं तर बोलावणं येईल, नीट विचार करून सही करा. लोक मान डोलवत होते आणि कान माइककडे लावून होते.

मी हे सगळं पुण्यात कॉटवर पडून सुवर्णाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉलने बघत होतो. टेबलावरची एक मुलगी तिकडच्या फोनजवळ आली आणि मला म्हणाली, “काका, तुमचं लोक ऐकतील. तुम्हीच दोन शब्द सांगा ना, की हे फक्त तुमच्यासाठी नाही.” तात्यांनी फोन माइकला लावला. मांडव शांत झाला.

मी म्हणालो, “तुमचे सगळ्यांचे लई उपकार आहेत.” आणि थांबलो.

मला सगळं कळत होतं. पण खरं सांगितलं तर रांग निम्मी होईल, आणि उठून गेलेल्या निम्म्यांतच माझा माणूस असेल, असं वाटलं. जगायच्या हावेने मी लबाडी केली. ती मुलगी क्षणभर फोनकडे बघत राहिली आणि परत टेबलाकडे गेली.

त्या मांडवातलं एकही माणूस मला जुळलं नाही.

काचेआड

जुळली ती कुठल्या तरी दुसऱ्या शिबिरातली, दुसऱ्या गावातली. मला एवढंच सांगितलं, बाई आहे, वय सव्वीस. मी समाजसेविका बाईंना विचारलं, कुठली? त्या हसल्या. नाव विचारलं, पुन्हा हसल्या.

मग मला एका काचेच्या खोलीत ठेवलं. आधी औषधांनी माझा उरलासुरला मगज पुसून टाकला. केस उशीवर राहिले, तोंड आतून सोलून निघालं, आणि चार दिवस मला पाण्याचीही शिसारी आली. भीती वाटते का असं कुणी विचारलं तर हो म्हणा, सिस्टर मग थोडा जास्त वेळ थांबतात. सुवर्णा काचेपलीकडून फोनवर बोलायची. समोरासमोर बसून आम्ही फोनवर बोलत होतो, लग्न ठरल्यावर बोललो नसू एवढं.

आम्ही लिंगायत, माझ्या गळ्यात इष्टलिंग असतं. आत काहीच बाहेरचं न्यायचं नाही म्हटल्यावर मी अडून बसलो. मोठ्या सिस्टरने डॉक्टरांना विचारलं, लिंग ठेवायचा चांदीचा करंडा उघडला, आतबाहेर सगळं स्पिरिटने पुसलं आणि परत गळ्यात घातलं. मग रोज सकाळी तेच. भस्म बंद, बेल बंद, महादेवाला स्पिरिटचा अभिषेक. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, “अण्णा, आधी देवाचं करू की तुमचं?” मी म्हटलं, त्याला काही झालेलं नाही, आधी माझं बघा.

ज्या दिवसाची एवढी वाट पाहिली, त्या दिवशी एक छोटी पिशवी आली. टोमॅटोच्या सारासारखा रंग. रक्त चढवतात तशी टांगली आणि तासाभरात संपली. सुवर्णाने काचेपलीकडून त्या पिशवीला हात जोडले. मी मान वळवून पिशवीवर काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न केला, सवयच ती. नुसते आकडे आणि पट्ट्या होत्या. साधा डबा देणाऱ्याचं नाव मी गावभर मिरवलंय, आणि ही पोरगी मला जीव देऊन गेली तर तिच्या नावाचं एक अक्षर नाही. मला तेव्हा ते बरं वाटलं नाही, उगीच उधारीवर जगल्यासारखं वाटलं.

अडीच आठवड्यांनी सिस्टरने काचेवर खडूसारख्या पेनाने एक आकडा लिहिला आणि त्याच्याखाली हसरं तोंड काढलं. नव्या पेशी कामाला लागल्या होत्या. झाडू मारणाऱ्या मावशी बाहेरून दोन्ही हात वर करून नाचल्या. त्या मावशी मला नावानेही ओळखत नव्हत्या.

पुढे वर्षभराने मला तिला पत्र लिहायची परवानगी मिळाली, पण त्यात कुणाची ओळख पटेल असं काही नको. पहिलं पत्र परत आलं, मी धारूरच्या किल्ल्याचं लिहिलं होतं. दुसरं परत आलं, दुकानाचं लिहिलं होतं. तिसरं गेलं. ‘ताई, मी बरा आहे. भाकरी खातो. बायकोशी भांडतो.’ उत्तर आलं नाही. तिला कामं असतील.

“कुनाचा हाय त्यो?”

आता बालाजीचं. हा तोच, तात्यांनी पुकारलेला. वय एकतीस, लातूरहून माझा माल त्याच्या पिकअपमधून येतो. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी दुकानात आला, खोकी उतरवली आणि गेला नाही. पाणी प्यायला, टोपी काढली, घातली.

“अण्णा, त्या पुण्याच्या लोकांचा फोन आलता. कर्जवाले समजून मी तीनदा कापला. आता म्हनत्यात, माझं कुनाला तरी जुळलंय.”

मी जागचा उठलो. मला एवढा आनंद झाला, की मी त्याला मिठीच मारणार होतो. तो मागे सरकला.

“कोन हाय त्यो? कोनत्या गावचा? कुनाचा हाय?”

“ते सांगत नसतात.”

“मग मी कावून द्यावं? म्या तुमच्यासाठी दिलतं. तुमी तर बरे झालात.”

मी तापलो. मला राग लवकर येतो, मगज नवा असला तरी तापट डोकं जुनंच आहे. “अरे, मला जिनं दिलं तिनं विचारलं का मी कुणाचा म्हणून? लाज वाटू दे जरा!”

बालाजी शांतपणे म्हणाला, “तिला आदी समदं सांगितलं आसंल. आमाला तात्या म्हनले, अण्णासाठी. तुमी फोनवर व्हते. तुमी तवा कावून न्हाई बोलले?”

 तो गेला. मी त्या दिवशी कुणाच्याच भांड्यावर नाव घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. किल्ल्याच्या खालच्या अंगाला त्यांचं शेत आहे, तिथेच घर. त्याची आई गोदाकाकू तुरीची डाळ पाखडत होती. बालाजी गाडी धूत होता. मी दोघांच्या देखत सांगितलं, की त्याचं खरं आहे. शिबिरातल्या त्या पोरीने मला खरं सांगायला सांगितलं होतं आणि मी मुद्दाम गप्प बसलो. “मला मरायची लई भीती वाटत होती, काकू.”

काकूंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “मंग त्यालाबी वाटत आसंल की.”

“कुणाला?”

“त्या माणसाला. ज्याला पायजे त्याला. भ्या.”

बालाजीने पाण्याचा नळ बंद केला. मी मग हातचं काही राखून ठेवलं नाही. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही. पाच दिवस सुया घेतात, त्याने अंग ठणकतं, ताप आल्यासारखं वाटतं. मग पुण्यात काही तास पडून राहायचं, एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हवं तेवढं गाळून दुसऱ्या हाताने परत येतं. थोड्या दिवसांत माणूस कामाला लागतो. आणि नाही म्हणायचा हक्क त्याचा पूर्ण आहे. “पण नाही म्हणायचं असेल तर आजच म्हण,” मी म्हटलं. “तिकडे त्याचा मगज पुसून टाकल्यावर तू मागे फिरलास, तर त्याला दुसरं काही उरत नाही. मी त्या खोलीत होतो, मला माहीत आहे.”

बालाजी गाडीच्या चाकांची हवा बघायला लागला. चारही चाकं बघितली. काकूंनी मला चहा दिला. मी उत्तर न घेताच घरी आलो, आणि तो दिवस मला माझ्या रिपोर्टच्या दिवसापेक्षा जड गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. “अण्णा, पुन्यात पिकअप लावायला जागा भेटती का?”

आता आमच्याकडे शिबिर असलं की माइक आधी मी घेतो. हे कुणा एकासाठी नाही, तुम्ही ज्याला देणार तो तुम्हाला कधी भेटणार नाही, तुमचं नाव कुठे लागणार नाही, पटत असेल तरच काडी फिरवा, असं सांगतो. रांगेतून काही लोक उठून जातात. तात्या माझ्याकडे डोळे वटारून बघतात. जे उरतात ते मात्र फोन आल्यावर कापत नाहीत. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर तुम्हालाही माझ्यासारखा मोह होईल, म्हणून हे सगळं उघड सांगितलं.

पुणे, पुन्हा

तोंडाला मास्क लावून मी बालाजीच्या कॉटशेजारी बसलो होतो. दोन्ही हातांत सुया, मशीन घुरघुरतंय, आणि वर एक पिशवी हळूहळू भरतेय. तोच सारासारखा रंग. मी आत्तापर्यंत अशी पिशवी रिकामी होताना पाहिली होती, भरताना पहिल्यांदा बघत होतो. किती सावकाश भरते ती! मला देणारी ती पोरगीही अशीच कुठे तरी हात पसरून पडली असेल तासन्‌तास. तिचं अंग ठणकत असेल. तिच्याशेजारी कोण बसलं होतं? आई? की कुणीच नाही? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मास्क ओला झाला.

“अण्णा, रडू नका,” बालाजी म्हणाला. “माझे दोन्ही हात बांधल्यात. तुमाला रुमाल कोन दीन?”

संध्याकाळच्या आत काम झालं. सिस्टरने पिशवीवर आकड्यांची पट्टी चिकटवली. एक माणूस निळी पेटी घेऊन आला. पिशवी पेटीत ठेवली, कागदावर सह्या झाल्या, झाकण लागलं. त्याची गाडी खाली उभी होती, पुढे त्याला विमान गाठायचं होतं की काय, आम्हाला कळलं नाही. तो दाराकडे निघाला तसा बालाजी कोपरावर उठून बसला. सिस्टर ओरडली, पण तो ऐकेना.

“ओ भाऊ!” त्याने हाक मारली.

तो माणूस थांबला.

“कुठं चाललात ते सांगू नका,” बालाजी म्हणाला. “पर वाटंत घाट आसला तर दमानं घ्या.”